शिल्लक सगळी गृहकर्जात भरली आणि दोन महिन्यांत नोकरी गेली

रोजमेळ

नोकरी जाऊन आज ११० दिवस झाले. त्याच्या दोनच महिने आधी मी एक काम केलं होतं आणि त्याबद्दल घरात, ऑफिसात सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती. अकरा वर्षांत साठवलेले पैसे, साधारण चौदा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढे, एका दिवसात गृहकर्जात भरून टाकले. मंदीच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. संकट दाराशी यायच्या आत डोक्यावरचं ओझं हलकं करावं, एवढाच विचार होता. मुद्दल एक तृतीयांशाने उतरलं.

अर्जावर दोन पर्याय होते, हप्ता कमी करायचा की मुदत. मुदत कमी केली की व्याज जास्त वाचतं हे मला माहीत होतं, म्हणून मी मुदतीवर खूण केली. हप्ता होता तेवढाच राहिला.

मग पगार थांबला, हप्ता थांबला नाही. कर्ज जिथून घेतलं तिथे जाऊन विचारलं, मी भरलेल्यातले थोडे परत मिळतील का. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की ते पैसे आता मिळाले तर नवं कर्ज म्हणूनच मिळतील आणि त्यासाठी चालू उत्पन्नाचा पुरावा लागेल. जो माझ्याकडे नाही. माझ्या एका मित्राचीही नोकरी याच सुमारास गेली. त्याचं कर्ज माझ्या दीडपट आहे, पण हातात वर्षभराची रोकड आहे. तो पारखून नोकरी शोधतोय. मी दिसेल तिथे अर्ज करतोय.

आता घरची परिस्थिती लिहितो. देणी चार आहेत. गृहकर्ज. क्रेडिट कार्डाची थकबाकी, जी गेल्या तीन महिन्यांत वाढली. आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी बायकोच्या नावावर घेतलेलं वैयक्तिक कर्ज. आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, बिनव्याजी. बायकोचा पगार घरखर्चाला पुरतो, वर थोडं उरतं. कंपनीने जाताना दिलेले दोन पगार संपत आलेत.

खर्चाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. पहिल्या महिन्यात आम्ही बारीकसारीक गोष्टींवरून रोज भांडलो. दिवा कोणी चालू ठेवला, रिक्षा का केली, असं. मग एका रविवारी बारा महिन्यांचे खात्याचे बायकोबरोबर उतारे काढून बसलो, तेव्हा दिसलं की बाहेर जाणाऱ्या पैशातला मोठा भाग पाचसहा ओळींतच आहे: गृहकर्ज, वैयक्तिक कर्ज, शाळेची फी, विमा, गाडी. गाडी विकली. फी एकरकमी भरायच्या ऐवजी मासिक करून मिळाली, नुसतं विचारल्यावर. त्या दोन निर्णयांत जेवढं वाचलं तेवढं दिवे बंद करून दहा वर्षांतही वाचलं नसतं. भांडणंही थांबली.

प्रश्न असा आहे: अजून सहा महिने नोकरी मिळाली नाही असं धरून चाललो, तर या चार देण्यांत आधी कोणाला हात घालायचा? आणि हप्ता चुकण्याआधी करता येण्यासारखं काही आहे का?

निवांत

वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही केलं ते चूक होतं हे मला पटत नाही. कर्ज फेडणं कधीच चूक नसतं. मी सगळं आयुष्य याच नियमाने काढलं आणि निवृत्तीनंतर कोणाचं एक पैशाचं देणं नाही. तुम्ही खचू नका. कमी झालेलं मुद्दल पुढे तुम्हालाच उपयोगी पडेल.

चक्रवाढ

निवांतकाका, तुमच्या पिढीच्या शिस्तीबद्दल आदरच आहे, पण इथे एक फरक करायला हवा. कर्ज फेडल्याने व्याज वाचतं. रोकड ठेवल्याने वेळ मिळतो. चांगल्या दिवसांत वेळ फुकट असतो, म्हणून व्याजाचा हिशेब बरोबर ठरतो. मंदीत वेळच सगळ्यात महाग होतो. नोकरी शोधायला, घर पडेल भावात विकावं न लागायला, वाईट अटींवर सही करावी न लागायला वेळ लागतो आणि तो रोकडीनेच विकत मिळतो. रोजमेळ यांनी गृहकर्जाचं नऊएक टक्के व्याज वाचवायला तो वेळ देऊन टाकला.

आता तुमच्या प्रश्नाकडे. कार्डापासून सुरुवात करा, आजच. महिना तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. ‘किमान रक्कम’ भरत असाल तर हे बघा: थकबाकी १००, महिना व्याज ३ टक्के, किमान भरणा थकबाकीच्या ५ टक्के, नवी खरेदी शून्य. वर्षभरात तुम्ही सुमारे ५५ भरलेले असता आणि तरीही ७७ शिल्लक असतात. त्या ५५ पैकी ३२ नुसतं व्याज. अमेरिकेत २००९ साली कायदाच झाला की नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर कर्ज फिटायला किती वर्षं लागतील हे कार्डाच्या बिलावर छापलं पाहिजे. तो आकडा छापल्याशिवाय माणसाला ते दिसत नाही.

उरलेल्या पैशांतून कार्ड आधी संपवा. आणि ते पाकिटातून बाहेर काढा.

पाऊलवाट

एक वेगळा प्रश्न. मंदी खरंच आली आहे हे ओळखायचं कसं? काही जण म्हणतात आली, काही म्हणतात नाही. मी दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलो, घराचं कर्ज नुकतंच घेतलंय, आणि मला थोडी जादा रक्कम मिळणार आहे. ती कर्जात भरणारच होतो. आता हा धागा वाचून थांबलोय.

चक्रवाढ

सरसकट सांगितला जाणारा ठोकताळा म्हणजे सलग दोन तिमाही देशाचं एकूण उत्पादन घटलं की मंदी. पण तो आकडा हाती येईपर्यंत उशीर झालेला असतो. अमेरिकेत डिसेंबर २००७ पासून मंदी सुरू झाली, हे तिथल्या अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत समितीने जाहीर केलं १ डिसेंबर २००८ ला. तोवर वर्ष उलटलं होतं आणि लाखो नोकऱ्या गेल्या होत्या. जून २००९ मध्ये ती संपली, हे जाहीर व्हायला सप्टेंबर २०१० उजाडला. आणि बेरोजगारीने १० टक्के गाठले ते ऑक्टोबर २००९ मध्ये, म्हणजे कागदावर मंदी संपून चार महिने झाल्यावर.

म्हणून घोषणेची वाट बघू नये. आपल्या घराची मंदी आपल्याला आधी कळते. पगार दोनचार दिवस उशिरा यायला लागतो, सोडून गेलेल्यांच्या जागा भरल्या जात नाहीत, जादा कामाचे पैसे बंद होतात. यातलं काही दिसलं की पैसा अडकवायचा नाही.

करवत

धंदेवाल्यांना तर आणखी आधी कळतं. माझी छोटी कार्यशाळा आहे, चार कारागीर. चौकशा येत राहतात पण ‘करू, कळवतो’ वाढतं. पूर्वी पंधरा दिवसांत येणारे पैसे पंचेचाळीस दिवसांवर जातात. नफा कागदावर दिसत असतो आणि खातं रिकामं असतं.

पगार नसलेल्या लोकांबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून सांगतो. गेल्या खेपेला मी सगळ्यात मोठी चूक केली ती घर आणि धंदा एकाच खात्यात ठेवण्याची. कारागिरांचा पगार घरच्या शिलकीतून दिला, मग घरासाठी धंद्याच्या नावाने कर्ज काढलं. शेवटी कुठलं देणं कशाचं हेच कळेना. आता दोन खाती आहेत आणि दर महिन्याला धंद्याच्या खात्यातून घराला ठरलेला ‘पगार’ जातो. चांगल्या महिन्यातही तेवढाच. वरचं धंद्याच्या खात्यातच राहतं आणि वाईट महिन्यात तेच घराला पोसतं. हे करायला लागल्यापासून बायकोला महिन्याला किती येणार हे आधी माहीत असतं. आमच्या संसारात ही नवीन गोष्ट आहे.

जुनी खातेवही

मी अनेक वर्षं कर्ज देणाऱ्या बाजूला होतो, त्यातली शेवटची काही वसुली विभागात. कुठे ते सांगत नाही. रोजमेळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण लोक या टप्प्यावर हमखास चुकतात.

हप्ता चुकण्याआधी आलेला माणूस आणि चुकल्यानंतर आलेला माणूस, यांच्याशी बोलणारे विभागच वेगळे असतात. आधी आलात तर तुम्ही ग्राहक असता, समोरच्या अधिकाऱ्याला अटी बदलून देण्याची मुभा असते. एकदा थकलं की फाइल वसुलीकडे सरकते. बऱ्याच देशांत ९० दिवस थकलेलं कर्ज अनुत्पादक, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं, धरलं जातं आणि त्या टप्प्यानंतर समोरच्याची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. मी अशी कितीतरी माणसं पाहिली, जी पहिले तीन महिने फोन उचलत नव्हती. लाजेने. चौथ्या महिन्यात यायची तेव्हा आम्हाला देण्यासारखं फारसं उरलेलं नसायचं. पहिल्या महिन्यात आली असती तर निम्म्यांचं काम एका अर्जात झालं असतं.

तुमच्या बाबतीत तर तुमच्या हातात एक चांगलं पान आहे आणि ते तुम्हाला दिसलेलं नाही. तुम्ही मुद्दल एक तृतीयांश उतरवलंत आणि मुदत कमी करून घेतलीत. आता अर्ज करा की मुदत पूर्वी होती तेवढी परत करून द्या. व्याजदर तोच राहिला तर हप्ता जवळजवळ एक तृतीयांशाने खाली येईल. नवं कर्ज नाही, नवं तारण नाही. समोरच्याच्या दृष्टीनेही तुमचं कर्ज आता जास्त सुरक्षित आहे, कारण घराच्या किमतीच्या मानाने ते लहान झालंय. हा मुद्दा अर्जात स्पष्ट लिहा. बायकोच्या पगाराचा पुरावा जोडा.

दोन गोष्टी सांभाळा. हा बदल तुमच्या पतनोंदीत, म्हणजे तुम्ही कर्जं कशी फेडता याच्या नोंदीत, कसा दाखवला जाणार, ‘मुदतबदल’ म्हणून की ‘अडचणीमुळे पुनर्रचना’ म्हणून, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आणि तोंडी आश्वासनावर एकही हप्ता थांबवू नका. पत्र हातात येईपर्यंत जुनाच हप्ता भरा, लागलं तर त्यासाठी काहीतरी विका.

पाऊलवाट

त्यापेक्षा हप्ते काही महिने थांबवण्याची सवलत मागितली तर?

चक्रवाढ

ती शेवटची ठेवा. भारतात रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिन्यांची अशी सवलत द्यायला परवानगी दिली, पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. ज्यांच्या घरी खरोखर काही येत नव्हतं त्यांना तिने तारलं. पण हप्ता थांबतो तेव्हा व्याज चालूच असतं, हे बऱ्याच जणांना नंतर कळलं. व्याजावर लागलेल्या व्याजाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०२१ मध्ये त्या काळापुरती चक्रवाढ व्याजाची आकारणी रद्द झाली. साधं व्याज मात्र राहिलंच.

गणित सांगतो. २० वर्षांचं, ९ टक्क्यांचं कर्ज नवीन असताना तीन हप्ते थांबवले, व्याज मुद्दलात मिळालं आणि हप्ता पुढे तेवढाच ठेवला, तर २४० च्या जागी साधारण २५६ हप्ते भरावे लागतात. कर्ज संपत आलेलं असेल तर एवढा फटका बसत नाही, कारण तेव्हा हप्त्यात व्याज थोडं आणि मुद्दल जास्त असतं. सवलत घेऊच नये असं मी म्हणत नाही. घरात औषधाला पैसे नसतील तर जरूर घ्यावी. नुसती मिळतेय म्हणून घेऊ नये.

आणि तरत्या, म्हणजे बदलत जाणाऱ्या व्याजदराचं कर्ज असेल तर आणखी एक. दर वाढले की बरेचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. २० वर्षांचं साडेसहा टक्क्यांचं नवं कर्ज ९ टक्क्यांवर गेलं आणि हप्ता तोच राहिला, तर तो हप्ता त्या महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही. मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, म्हणजे हा फरक काल्पनिक नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. निवड मिळते, पण आपण विचारलं तरच तिचा उपयोग. मंदीत उलटं होतं, दर खाली येतात. ती कपात जुन्या कर्जाला आपोआप लागेलच असं नाही. वर्षातून एकदा तरी आपला चालू दर आणि उरलेले हप्ते मागवून घ्या.

पणती

मी सहसा लिहीत नाही. रोजमेळ यांनी ‘बायकोबरोबर उतारे काढून बसलो’ असं लिहिलंय, त्या एका ओळीसाठी लिहितेय.

माझ्या नवऱ्याने सात महिने मला सांगितलं नव्हतं. पगार निम्मा झाला होता. तो फरक भरून काढायला त्याने आधी कार्ड वापरलं, मग कार्ड भरायला मोबाइलवरून चुटकीसरशी मिळणारं कर्ज घेतलं, मग ते फेडायला दुसरं. मला दर महिन्याला तेवढेच पैसे मिळत होते. मी तेवढेच खर्च करत होते. त्या सात महिन्यांत मी पडदे बदलले. आजही ते पडदे बघवत नाहीत.

मला कळलं ते एका फोनमुळे. माझ्या नंबरवर आला होता आणि त्या माणसाने जी भाषा वापरली ती मी इथे लिहिणार नाही. शेजारी मुलगा अभ्यास करत बसला होता. त्याने फक्त विचारलं, ‘आई, कोण होतं?’

त्या रात्री नवरा लहान मुलासारखा रडला. मला राग कर्जाचा नव्हता. सात महिने त्याने एकट्याने झेललं आणि मी शेजारच्या उशीवर झोपले होते, याचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही एका वहीत सगळं लिहिलं. कोणाचं किती, व्याज किती, तारीख कुठली. लिहिताना त्याचा हात थरथरत होता. नऊ देणी निघाली. सगळ्यात लहान तीन आधी मिटवली, व्याज त्यांचं सगळ्यात जास्त नव्हतं तरी. चक्रवाढ म्हणतील हे गणितात बसत नाही. पण नऊ जणांचे फोन सहांवर आले आणि नवऱ्याला झोप लागायला लागली. मग मोठ्या व्याजाचं घेतलं.

मुलाला आम्ही सांगितलं. बाराव्या वर्षी त्याला जेवढं समजेल तेवढं. बाबांचा पगार कमी झालाय, आपण काही पैसे देणं लागतो, घर जाणार नाही, दोन वर्षं नवीन काही घ्यायचं नाही. त्याने दोन प्रश्न विचारले आणि खेळायला गेला. आम्ही त्या बोलण्याची महिनाभर तयारी केली होती.

चक्रवाढ

पणतीताई, मी तसं म्हणणार नाही. नऊ फोनांचे सहा होणं माझ्या कोष्टकात मावत नाही, पण ते खरं आहे. महागडं आधी फेडावं हे मी ज्याला रात्री झोप लागते त्याच्यासाठी सांगतो.

जुनी खातेवही

पणतीताई, फोनवरच्या भाषेबद्दल. शिवीगाळ, धमकी, अवेळी फोन, नातेवाइकांना कर्जाबद्दल सांगणं, हे कर्ज कितीही थकलेलं असलं तरी चालत नाही. भारतात वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर करायला मनाई आहे. फोनची तारीख-वेळ टिपून ठेवा आणि लेखी तक्रार करा, आधी कर्ज देणाऱ्याकडे, तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. वसुलीत असताना मी पाहिलंय, लेखी तक्रार आली की दुसऱ्या दिवसापासून सूर बदलतो.

आणि तडजोडीबद्दल: ‘एवढे भरा, बाकी सोडून देतो’ असा प्रस्ताव आला तर मोहात पडण्याआधी विचारा की पतनोंदीत काय लिहिलं जाईल. ‘पूर्ण फेडलं’ आणि ‘तडजोडीने मिटलं’ यांत पुढची कित्येक वर्षं फरक पडतो. दुसरा मार्गच नसेल तर तडजोड करावी, पण खातं बंद झाल्याचं पत्र घेतल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नये.

निवांत

तीन दिवस धागा वाचतोय. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. माझ्यावर स्वतःचं देणं उरलं नाही हे खरं, पण एका जवळच्या माणसाला जामीन राहिलो होतो. त्याचा धंदा मंदीत बसला. त्याने फसवलं नाही, त्याच्याकडे खरंच नव्हतं. नोटीस माझ्या घरी आली. तेव्हा माझ्याजवळ भविष्यनिर्वाह निधी होता, घराची जागा होती, पण लगेच देता येईल अशी रक्कम नव्हती. आमच्या हिने स्वतःहून बांगड्या काढून दिल्या. मी त्या आजतागायत परत करू शकलो नाही, ती आता नाही.

कर्ज फेडणं कधीच चूक नसतं असं मी लिहिलं होतं. चक्रवाढ यांचं ‘वेळ विकत मिळतो’ हे वाचल्यापासून त्या बांगड्या आठवताहेत. हाताशी सहा महिन्यांची रक्कम असती तर त्या गेल्या नसत्या. तरुणांनो, कोणाला जामीन राहताना ते कर्ज आपलंच आहे असं धरून आपल्याला पेलतं का ते बघा.

पाऊलवाट

काका, नमस्कार तुम्हाला.

एक मनात येतं. सगळ्यांनीच हात आखडता घेतला आणि पैसे दाबून ठेवले तर मंदी वाढणार नाही का? करवत यांच्याकडे काम कुठून येणार?

चक्रवाढ

बरोबर पकडलंत. यालाच काटकसरीचा विरोधाभास म्हणतात, केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञामुळे ही कल्पना गाजली. माझा खर्च हे करवत यांचं उत्पन्न असतं. अर्व्हिंग फिशर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९३३ साली आणखी पुढचं दाखवलं: सगळे एकदम कर्ज फेडायला धावले, माल आणि मालमत्ता विकायला लागले, की भाव पडतात, उत्पन्नं पडतात, आणि कर्जाचा आकडा तोच राहिल्यामुळे फेडणाऱ्याच्या अंगावरचा खरा भार वाढतच जातो. फिशर स्वतः १९२९ च्या शेअर बाजारात जवळजवळ सगळं गमावून बसला होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये भाव आता कायमचे वरच राहतील असं त्याने जाहीरपणे म्हटलं होतं. स्वतः भाजल्यानंतर त्याने हे लिहिलं, म्हणून मला ते जास्त भिडतं.

पण यावर उपाय करायचा तो सरकारांनी आणि मध्यवर्ती बँकांनी. ज्याच्या घरात पगार येत नाही त्याने देशासाठी खर्च करावा असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याची नोकरी पक्की आहे आणि शिल्लक पुरेशी आहे, त्याने मात्र ठरलेली कामं पुढे ढकलू नयेत, आणि ज्याचं काम केलंय त्याचे पैसे वेळेवर द्यावेत.

करवत

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं. मला उधारीवर सूट नको असते. ठरलेल्या तारखेला पैसे आले तर माझे चार कारागीर टिकतात.

रोजमेळ

चार महिन्यांनी परत आलोय. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

जुनी खातेवही यांनी सांगितलं तसा अर्ज केला. पहिल्यांदा नकार मिळाला, अर्ज चुकीच्या टेबलावर गेला होता. दुसऱ्यांदा वरच्या अधिकाऱ्यांना भेटलो, ‘कर्ज आता घराच्या किमतीच्या मानाने लहान आहे’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मुदत पूर्वीएवढी करून मिळाली, नोंद कशी होणार ते पत्रात आहे. मधले दोन हप्ते बायकोची एक ठेव मोडून भरले. हप्ता कमी झाल्याचा संदेश आला तेव्हा आम्ही दोघं बसमध्ये होतो, तिने माझा हात धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

आरोग्यविम्याचा हप्ता टाळायचा मोह मला दोनदा झाला. आईचं वय बघून भरला. मागच्याच महिन्यात तिला पाच दिवस दाखल करावं लागलं. ते बिल अंगावर आलं असतं तर वर लिहिलेलं काहीच उपयोगी पडलं नसतं.

नोकरी मिळाली आहे. पगार आधीपेक्षा तीस टक्के कमी. कार्ड संपलं. वैयक्तिक कर्ज चालू आहे. मेहुण्याला पहिल्या पगारातून थोडे दिले. व्याज नसलेलं कर्ज शेवटी ठेवावं हे गणित मला कळतं, पण त्याचीही नोकरी डळमळीत आहे आणि त्याने एकदाही विचारलं नाही, म्हणून त्याचं पुढे घेतलं. गृहकर्जात जादा एक पैसाही भरलेला नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत भरणार नाही.

पाऊलवाट

अभिनंदन! मनापासून बरं वाटलं. माझी ती जादा रक्कम मी बाजूला ठेवली आहे, सहा महिन्यांचा खर्च होईल एवढी. त्याच्यावर थोडी उरते, ती कर्जात भरू का?

रोजमेळ

उरलेली भरा. फक्त अर्जावर हप्ता की मुदत असं विचारतील, तिथे घाई करू नका. घरी आणा, दोघं बसून ठरवा. मी ती खूण काउंटरवर उभ्या उभ्या केली होती.